हातधुवण

सकाळी नऊ वाजता डॉ. किरीट दोशी दवाखान्याच्या ओट्यावर स्टूल टाकून बसत, शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडत आणि कोमट ताकाच्या पातेल्यात हात बुडवून शंभरपर्यंत मोजत. समोर पशुधन पर्यवेक्षक निवृत्ती खरात बारा रिकाम्या बाटल्या घेऊन उभे असत. शंभर झाले की दोशी हात पंचाला पुसत आणि म्हणत, "घ्या खरात, माझं पर्यवेक्षण भरून घ्या."

बाहेरगावच्या माणसाला ही बुवाबाजी वाटली असती. प्रत्यक्षात हे शासकीय कामकाज होतं. फक्त शासनाला ते माहीत नव्हतं.

दोशींचा परवाना त्या हातावर राहत होता. भिंतीवर चौकटीत टांगायचे परवाने जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्याच्या आधीच्या काळात जनावरांची प्रतिजैविकं पानपट्टीवर मिळत. म्हैस शिंकली की सुई, रेडकू रुसलं की सुई, आणि उरलेलं अर्धं औषध पुढच्या शिंकेसाठी फडताळात. जंतू मरायला आले होते, पण औषध एवढं थोडं थोडं मिळाल्यावर त्यांनी ते शिकून घेतलं. काही वर्षांत जंतू इतके शिकले की औषधांना विचारीनासे झाले. जनावरांच्या अंगातले आधी, माणसांच्या अंगातले मागोमाग. खरातांचा थोरला भाऊ धोंडिबा सव्विसाव्या वर्षी पायात बाभळीचा काटा मोडल्याचं निमित्त होऊन गेला. इस्पितळात त्याच्यावर अकरा औषधं करून पाहिली. बारावं नव्हतं.

मग बारावं निघालं, आणि ते पानपट्टीवर जाऊ नये म्हणून त्याला कुलूप घालून बाजारात आणलं. कुलूप म्हणजे औषधाच्या रेणूला मुद्दाम जोडलेलं एक शेपूट. शेपूट आहे तोवर औषध म्हणजे निव्वळ पांढरं पाणी. ते शेपूट कापायला एक ठरावीक विकर लागतं. विकर म्हणजे जिवंत पेशींत तयार होणारं, दुसऱ्या पदार्थाची मोडजोड करणारं द्रव्य. हे विकर तयार करणारा एक निरुपद्रवी जीवाणू शास्त्रज्ञांनी घडवला आणि राज्य प्राणिचिकित्सा मंडळानं त्याचं नाव ठेवलं नोंदाणू. प्राणिवैद्यानं शपथ घेतली की नोंदाणू त्याच्या उजव्या तळव्यात टोचले जात. त्यानं औषधाची कुपी मुठीत धरायची, तिच्या बुडाचा पातळ पडदा तळव्याला टेकवायचा आणि दहा आकडे मोजायचे. औषध निळं झालं, म्हणजे जागं झालं. भोंदू माणसानं तीच कुपी जन्मभर मुठीत धरली तरी ती पांढरीच.

नोंदाणूंना एक खुराक लागे, जो निसर्गात कुठं मिळत नाही. तो मंडळ मलमाच्या नळीत घालून वर्षातून एकदा पाठवी, नूतनीकरण झालं असेल तरच. नूतनीकरण चुकलं की तेराव्या महिन्यात नोंदाणू उपाशी मरत. "अमक्याचा हात मेला," असं लोक सहज बोलून जात.

योजनेत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तिला फक्त हात लागत होते. पिंगळी खोऱ्यात गावं बासष्ट आणि प्राणिवैद्याच्या जागा बारा. त्यांतल्या अकरा रिकाम्या. बाराव्या जागेवर दोशी.

अधिनियमात पर्यवेक्षकाला "नोंदणीकृत प्राणिवैद्याच्या पर्यवेक्षणाखाली" किरकोळ सेवा देण्याची मुभा होती. पर्यवेक्षण किती अंतरावरून करावं, हे लिहायचं राहून गेलं होतं. दोशींनी त्या राहून गेलेल्या जागेत आपला हात बुडवला. कोमट ताकात नोंदाणू दिवसभर तग धरतात, हे त्यांना कढी जेवताना सुचलं. त्या ताकाचा थेंब कुपीच्या पडद्यावर चोळला की औषध निळं. खरात बाटल्या मोटारसायकलच्या पिशवीत घालून दिवसाला आठ-दहा गावं करत. गोठ्यांत त्या ताकाला हातधुवण म्हणत.

खरातांची या कामातली हयात एकतीस वर्षांची होती. सुई लावणं, आडवं आलेलं वासरू फिरवणं, पोटफुगीला नळी घालणं यांत त्यांचा हात दोशींपेक्षा हलका आहे, असं दोशी स्वतःच सांगत. पण नोंदणी नसलेल्याला कुणी डॉक्टर म्हटलं आणि त्यानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, तर निलंबन ठरलेलं. म्हणून खरात हाकेसरशी सांगत, "मी डॉक्टर नाही." पंचवीस वर्षं हेच ऐकून खोऱ्यानं त्यांचं नावच तसं पाडलं. "अहो डॉक्टर-नाही, च्या घ्या की!" अशी हाक रस्त्याकडेच्या गोठ्यांतून येई. मर्यादित नोंदणी मिळावी म्हणून त्यांनी मंडळाकडे नऊ वेळा अर्ज केले होते. नऊही वेळा एकच उत्तर आलं. पात्रता नाही.

काम झाल्यावर बाटलीत उरलेलं ताक नष्ट करावं, असा नियम दोशींनीच घालून दिला होता. खरातांनी तो पाळला नाही. तांदळाचं, डाळीचं, दुधाच्या भांड्याचं धुवण मोरीत ओतायचं नसतं, जनावराच्या आंबोणात घालायचं असतं, हे त्यांना आईनं चालायला शिकवतानाच शिकवलं असावं. आंबोण म्हणजे दुभत्या जनावराचं भिजवलेलं खाणं, आणि पातळ, आंबट काही त्यात पडलं की जनावर चाटूनपुसून खातं. सुई झाली की खरात बाटली आंबोणाच्या पाटीत उपडी करत. वाया कशाला घालवायचं?

दोशी गेले ते एका मंगळवारी, दवाखान्यातल्या खुर्चीत. नूतनीकरणासाठी वर्षाला तीस तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं होतं आणि त्यांचे शेवटचे दोन तास उरले होते. विषय होता "नूतनीकरणाचे महत्त्व". खरात दुपारी परतले तेव्हा पडद्यावर फुलं उधळली जात होती आणि "अभिनंदन! आपण अभ्यासक्रम पूर्ण केला आहे" असं लिहिलं होतं. पडद्यासमोर बसलेले दोशी त्याआधी दीड तास गेलेले होते.

खरातांनी तिसऱ्याच दिवशी मंडळाला कळवलं. उत्तर आलं की डॉ. दोशी यांचं नूतनीकरण नुकतंच झालेलं असून पद रिक्त असल्याचं मान्य करता येत नाही. खरातांनी मृत्यूचा दाखला जोडून पुन्हा कळवलं. त्यावर मंडळानं खुराकाची नळी पाठवली.

ती नळी घेऊन खरात दोशींच्या घरी गेले. दोशींच्या पत्नी शरयूवहिनी स्वयंपाकघराच्या दारात खालीच बसल्या होत्या.

"ही तुम्हाला द्यायला आलो. साहेबांच्या नावावर आलीय. परत पाठवतो, पण आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं."

"बाटल्यांत काही उरलंय का हो त्यांचं?" वहिनींनी विचारलं.

"अर्धी बाटली. लसीच्या फ्रिजात जपली म्हणून तगलीय, उद्यापर्यंत टिकेल. मग संपलं."

"आणि मग?"

"मग काय. अकरा जागा रिकाम्या होत्या, आता बारा."

वहिनींनी नळी हातात घेतली. मग म्हणाल्या, "दही लावताना सगळं दही संपवतं का कुणी? चमचाभर मागं ठेवतातच ना. आणा ती बाटली."

त्यांनी कोमट दुधात हातधुवणाचं विरजण लावलं, वर नळीतला हरभऱ्याएवढा खुराक घातला आणि पातेलं तांदळाच्या डब्याशेजारी उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी खरातांनी त्यातला थेंब एका कुपीच्या पडद्यावर चोळला. दहा मोजेस्तोवर कुपी निळी झाली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. खरात खाली मान घालून बाटल्या भरू लागले.

नळी तेरा महिने पुरली. चौदाव्या महिन्यात ती पिळून, कापून, खरवडून झाली, आणि खरातांनी मनाची तयारी केली. पण विरजण मेलं नाही. पंधराव्या महिन्यातही कुपी निळी होत होती, उलट दहाऐवजी सातलाच. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे, असं खरातांना वाटलं होतं. ते विचार करणारही होते. पण त्याच श्रावणात खोऱ्यात घटसर्प आला.

घटसर्प माणसाला विचार करायला सवड देत नाही. सकाळी जनावर चारा सोडतं, अंग तापतं, दुपारी गळा सुजतो, श्वास घरघरतो, जीभ बाहेर येते, आणि दिवस मावळायच्या आत दावं रिकामं. त्याची लस वैशाखात यायची होती. ती कार्तिकात आली.

"अहो डॉक्टर-नाही! पळा, पळा!" वाघजाईवाडीच्या चंपाबाई मदने रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ओरडत होत्या. साठीच्या, एकट्या, जिभेला तिखट बाई. घरी लेकीची दोन पोरं आणि काजळी नावाची एक म्हैस. "गळा बगा कसा झालाय तिचा. तुमची मोटारसायकल हाय का बैलगाडी?"

"आलो की, मावशी. सहा गावं झाली सकाळपास्नं."

"त्या सहा गावांतल्या म्हशी जगवल्या न्हवं तुमी! मग हितंच कशी मरंल? मरू द्यायची न्हाई म्हंजे न्हाई."

काजळीच्या गळ्याखाली सूज भाकरीच्या पाटीएवढी होती. खरातांनी हातधुवणाचा थेंब चोळला, सात मोजले, निळी कुपी सुईत ओढली. सुई लावल्यावर दोघंही गोठ्यातल्या दगडावर बसून राहिले. चार वाजता घरघर कमी झाली. पाचला काजळीनं कान हलवला. चंपाबाई उठल्या, तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि मागं न बघताच म्हणाल्या, "तुमाला डॉक्टर म्हणाय पायजे खरं तर."

"नका म्हणू. नोकरी जाईल."

"जाऊ द्या तिकडं. हातधुवण हाय की तुमच्यापाशी, त्यावर पोट भरंल."

खरात हसले, आणि उरलेली बाटली काजळीच्या पाटीत उपडी केली.

एकोणीस दिवसांत चाळीस जनावरं गेली. वाचली तीनशे बारा. शेजारच्या खोऱ्यात, जिथं विरजण नव्हतं, तिथं उलटं झालं. खरातांचं वजन सहा किलोनं घटलं. त्यांनी रजिस्टरमध्ये "पर्यवेक्षण करणारे प्राणिवैद्य" या रकान्यात तीनशे बारा वेळा दोशींचं नाव लिहिलं आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

भाद्रपदात डॉ. अनुराधा सोहोनी आल्या. राखाडी केस बारीक कापलेले, हातात निळी पेटी, आणि वयाला न शोभणारा एक प्रकारचा संकोच. नोंदाणू ज्या गटानं घडवले, त्या गटाच्या त्या प्रमुख होत्या.

"तुमचे डॉक्टर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"वारले, मॅडम."

"कधी?"

"दीड वर्ष होत आलं."

सोहोनींनी हातातल्या टॅबलेटवर पाहिलं. "इथं सक्रिय दाखवतायत. नूतनीकरण प्रलंबित, एवढंच. प्रशिक्षणाला शंभर टक्के हजेरी."

"हजेरी खरी आहे," खरात म्हणाले. "शेवटच्या तासाला तर ते उठलेच नाहीत."

सोहोनी हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. शहरात दुधाच्या टँकरची तपासणी चालली असताना तंत्रज्ञाच्या हातून दुधाचा थेंब एका कुलूपबंद कुपीवर सांडला. कुपी निळी झाली. टँकर पिंगळी खोऱ्यातला होता.

खरातांनी मोटारसायकल काढली. त्यांनी सोहोनींना दोशींच्या घरी नेलं. वहिनींनी रीतीप्रमाणे आधी पाणी विचारलं आणि मग तांदळाच्या डब्याशेजारचं पातेलं आणून पुढ्यात ठेवलं. सोहोनींनी कापसाच्या बोळ्यांनी पातेल्याचे, मग गोठ्यागोठ्यांतून जनावरांच्या शेणाचे आणि दुधाचे आणि शेवटी खरातांच्या तळव्याचे नमुने घेतले. दोन दिवस त्या दवाखान्यातच काम करत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खरातांना समोर बसवलं.

"तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगते."

"मला समजतं, मॅडम. मी फक्त नोंदणीकृत नाही."

"माफ करा." सोहोनींनी चष्मा काढला. "आम्ही नोंदाणू मुद्दाम परावलंबी घडवले होते. खुराक बंद, की सगळे मरणार. पण तुम्ही त्यांना विरजणात रोज नवं दूध दिलंत, वर्षभर. त्यात अब्जावधी जन्मले. खुराक संपला तेव्हा जवळजवळ सगळे मेले. एखादाच मेला नाही. त्याच्यात एक चूक झाली होती, आणि त्या चुकीमुळे त्याला दुधातली साखर खाता येत होती. आता विरजणात आहे ती त्याची प्रजा. तिला आमचा खुराक नको."

"म्हणजे परवाना कायमचा झाला."

"परवाना कुणाचाच राहिला नाही." त्यांनी चष्मा रुमालानं पुसला. "हातधुवण आंबोणात कोण घालत होतं?"

खरातांनी उजवा हात टेबलावर ठेवला. "हा."

"सुई घेतलेल्या तीनशे बारा जनावरांच्या पोटात हे नोंदाणू घर करून बसलेत. शेणात पडतायत, दुधात उतरतायत. किल्ली बाहेर पडलीय, खरात. आता हे औषध जिथं सांडेल, गटारात, ओढ्यात, शेतात, तिथं जागं होईल. थोडं थोडं. जंतूंना शिकायला एवढंच लागतं."

"बारावं औषध," खरात म्हणाले.

"काय?"

"माझ्या भावाच्या वेळी अकरा होती. हे बारावं. तेरावं आहे का?"

"नाही. पुढची वीस वर्षं तरी नाही. माणसांनाही हेच देतात. आज राज्यात बाळंतीण तापानं मरत नाही, ती याच्यामुळे."

बाहेर कुणाची तरी शेळी ओट्यावर चढून रजिस्टर हुंगत होती. खरातांनी उठून तिला हाकललं आणि परत येऊन बसले.

"बांधून ठेवू," ते घाईघाईनं म्हणाले. "दूध विकायचं नाही. शेण खड्ड्यात पुरायचं. मी स्वतः घरोघर फिरतो. एक थेंब बाहेर जाणार नाही, मॅडम. लोक माझं ऐकतात."

"माशा?"

खरातांनी टेबलावर बसलेली माशी हाकलली.

"बगळे? आणि रविवारच्या बाजारात एक जरी म्हैस विकली गेली तर? तुम्ही किती गोठ्यांवर पहारा कराल?"

"मग त्यांच्या पोटातले नोंदाणू मारा. औषध असेलच."

"आहे. एकच आहे." सोहोनींनी पेटीतल्या कुपीवर बोट ठेवलं. "आणि ते याच नोंदाणूंनी जागं होतं, त्यांना काही करत नाही. तसं आम्हीच त्यांना घडवलं. नाहीतर डॉक्टरांचे हात पहिल्याच कुपीला मेले असते."

त्यांनी मंडळाचा आदेश पुढं केला. तीनशे बारा जनावरांना "अंतिम सेवा" अठ्ठेचाळीस तासांच्या आत द्यावी. खरातांनी तो दोनदा वाचला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मंडळाला मुदत पाळायची घाई झालेली त्यांनी प्रथमच पाहिली.

"अंतिम सेवा किरकोळ सेवांत येत नाही," ते म्हणाले. बुडणारा माणूस वेल धरतो तसा त्यांनी नियम धरला होता. "तिचं औषधही कुलूपबंद असतं. नोंदणीकृत प्राणिवैद्य लागेल. खोऱ्यात एकही नाही. कळवून ठेवलंय मी मंडळाला, दोनदा."

"बाहेरून यायला तीन आठवडे लागतील, असं ते म्हणतात."

"मग तुम्ही?"

सोहोनींनी आपला उजवा तळवा उलटा करून दाखवला. "मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. नोंदाणू मी घडवले. माझ्या हाताला ते ठेवायची परवानगी नाही."

मग त्यांनी दुसरा कागद काढला. अधिनियमाच्या व्याख्येत लिहिलं होतं की ज्याच्या उजव्या तळव्यावर जिवंत नोंदाणू आढळतील, ती व्यक्ती म्हणजे नोंदणीकृत प्राणिवैद्य. पदवी खोटी करता येते, तळवा करता येत नाही, असं कायदा लिहिणाऱ्यांना वाटलं होतं. या व्याख्येनं तसं पाहिलं तर अर्धं खोरं प्राणिवैद्य ठरत होतं. पण त्यात सरकारी नोकर एकच होता. कागदावर खरातांचं पूर्ण नाव होतं, फोटो होता आणि सहा आकडी नोंदणी क्रमांक होता. नऊ अर्ज जिथं पोचले नाहीत, तिथं कापसाचा एक बोळा पोचला होता.

"किती दिवसांसाठी?" खरातांनी विचारलं.

"काम होईपर्यंत. नंतर तळवा आम्लानं धुवून बंद करतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"म्हणू शकता," सोहोनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "मी तुमच्या जागी असते तर मला काय करावंसं वाटलं असतं, ते मला विचारू नका. पण तीन आठवड्यांनी मारायची जनावरं तीनशे बारा नसतील. तीन लाख असतील. आणि कदाचित तेव्हा कुणी मारणारही नाही, कारण उपयोग नसेल."

खरातांना धोंडिबाचा पाय आठवला. काळा पडलेला, गुडघ्यापर्यंत. शेवटच्या दिवशी धोंडिबा म्हणाला होता, काटा निघाला का रे? तो पहिल्याच दिवशी निघाला होता.

"आदेशाच्या खाली हे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. अक्षर बारीक होतं.

"प्रत पाठवल्याची नोंद."

"मॅडम, आम्ही सगळे तेच दूध पितो."

सोहोनींनी चष्मा पुन्हा घातला. "माणसं आमच्या मंडळाच्या अखत्यारीत येत नाहीत."

"मग कुणाच्या?"

"त्यांचं मंडळ वेगळं आहे. त्यांनाच ती प्रत गेलीय. माहितीसाठी आणि पुढील कार्यवाहीसाठी."

त्या संध्याकाळी शरयूवहिनींनी पातेल्यात उकळतं पाणी ओतलं. सोहोनी देखरेखीला उभ्या होत्या. त्याची गरज नव्हती. वहिनींनी पातेलं तीनदा उकळलं, घासलं, उपडं घातलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांदा गेले." मग त्या देवघराकडं न जाता तशाच अंगणात जाऊन बसल्या.

खरात घरोघर स्वतः फिरले. लसीकरण आहे असं सांगा, असं वरून फोनवर सुचवण्यात आलं होतं. त्यांनी ते ऐकलं नाही. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी खरं ते सांगितलं, भावाच्या पायापासून. काही ठिकाणी त्यांच्या अंगावर पाणी फेकलं गेलं. एका ठिकाणी त्यांना दारात पाय ठेवू दिला नाही. वाघजाईवाडीत चंपाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चुलीतली राख सारखी केली.

"तुमीच वाचवली, आन् तुमीच मारायची," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी गावलं न्हाई त्यास्नी?"

"नाही, मावशी."

"जवा वाचवाय माणूस पायजे हुता तवाबी न्हाई, आन् आता मारायलाबी न्हाई. काय सरकार म्हणायचं का काय!" त्यांचा आवाज फुटला. "पहिली माझी घ्या. दुसऱ्याची मरताना बगत हुबं ऱ्हायला लावू नका."

बाजाराच्या मैदानावर जनावरं आणली गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. काही मालकांनी आणली, काही पोलिसांनी सोडून आणली. ऊन चांगलं पडलं होतं. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. खोल खड्डे आधीच खणून तयार होते. एवढं मोठं यंत्र या खोऱ्यात यापूर्वी रस्त्यासाठीही आलं नव्हतं. टेबलावर तीनशे बारा कुपी ओळीनं मांडलेल्या होत्या. नियमानं एका कुपीला दहा आकडे, म्हणजे सगळ्या जाग्या करायला बावन्न मिनिटं. वाचवायला एकोणीस दिवस लागले होते.

सोहोनी टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी नोंदणी क्रमांकाचा बिल्ला पुढं केला. नियम होता. खरातांनी तो खिशाला लावला. तो वाकडा लागला आणि कुणी सरळ केला नाही.

चंपाबाईंनी काजळीला धुवून आणलं होतं. शिंगांना तेल लावलं होतं. दावं त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही. काजळीनं खरातांना ओळखलं आणि त्यांच्या हातातल्या पिशवीशी तोंड नेलं. त्या पिशवीतून नेहमी काहीतरी आंबट तिच्या पाटीत पडत आलं होतं. पिशवी रिकामी होती. तिनं ती तरीही चाटली.

खरातांनी पहिली कुपी मुठीत धरली, पडदा तळव्याला टेकवला आणि मोजायला सुरुवात केली. मोठ्यानं, दोशी मोजत तसं. एक. दोन. तीन. आवाज स्वतःचा वाटत नव्हता. चार. पाच. काजळीचा गरम श्वास मनगटावर लागत होता. सहा.

"डॉक्टर," चंपाबाई म्हणाल्या.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यापुढं काही नव्हतं. खरातांच्या तोंडात नेहमीचं वाक्य आलं आणि आतच राहिलं, कारण आता ते खरं नव्हतं.

"डॉक्टर, मीबी हिचंच दूध पिलेय. पोरंबी पित्यात. आमचं कवा?"

सोहोनी दुसरीकडं पाहू लागल्या. खरातांनी मूठ सोडली नाही. मोजणं थांबलं असतं तर कुपी वाया गेली असती, आणि कुपी मोजून दिलेल्या होत्या.

"सात," ते म्हणाले. "आठ."

बोटांच्या फटीतून निळं दिसू लागलं होतं.